काजाची बाजू

जव्हारला जायचं हे आमचं दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. भिवंडीहून जव्हार म्हणजे काही चंद्र नाही. वाड्याच्या रस्त्याने गाडी काढली की माणूस तीन तासांत पोचतो, खड्डे धरले तर चार. पण आमच्या घरात त्या चार तासांना दोन वर्षं लागली, कारण गाडी गुलाम हुसेन चालवतात.

गुलाम हुसेन हे माझ्या नवऱ्याचं नाव. छत्तीस वर्षं त्यांचा पॉवरलूमचा कारखाना होता. चोवीस लूम, दोन शिफ्ट आणि त्या खडखडाटात निम्मे गेलेले कान. लूम भंगारात निघाले त्या संध्याकाळी ते खाटेवर बसून म्हणाले, "सालेहा, आता मी मोकळा झालो. आता तुला गाडीतून फिरवतो. बोल, कुठे जायचं." कानांमुळे ते साधं बोलले तरी तीन घरांना ऐकू जातं. म्हणजे या वचनाला अख्खी गल्ली साक्षीदार आहे.

मी जव्हार म्हटलं. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं की जानेवारीत तिथे सकाळी तोंडातून वाफ निघते. मी पालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि एकतीस वर्षं मोकळ्या तासाला स्वेटर विणले. तेही भिवंडीत, जिथे थंडी पडली हे पेपरात वाचून कळतं. लोक हसायचे. ज्या गावात रात्रंदिवस मशीनवर कापड निघतं, तिथे ही बाई दोन सुया घेऊन काय करते, असं तोंडावर विचारायचे. मी उत्तर द्यायचे नाही. विणताना माझं डोकं शांत राहतं, एवढं कारण मला पुरत होतं. सुलट, उलट, सुलट. वर्गातली साठ पोरं, घरातला आरडाओरडा, रस्त्यावरचे ट्रेलर, सगळं त्या दोन सुयांच्या पलीकडे राहतं.

पण आजवर जे विणलं ते दुसऱ्यांना. गुलाम हुसेन यांना सात. सासऱ्यांना चार. मुलगा अरशद पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याला दोन. मग दीर, भाचे, हेडमास्तर. सगळे करडे, तपकिरी नाहीतर काळपट निळे. रिटायर झाल्यावर मी कल्याणला गेले आणि वांगी रंगाची लोकर घेऊन आले. पुढून उघडा, पाच बटणांचा, दोन खिशांचा. माझा. जव्हारला सकाळी तो अंगात घालून, हातात चहाचा कप घेऊन, कोणाला काही न वाढता मी बाहेर उभी राहणार होते. यापेक्षा मोठी इच्छा मी केली नाही. एवढीशी इच्छासुद्धा पुरी होत नाही म्हटल्यावर माणसाला राग येणारच.

पहिल्यांदा निघालो ते शेलारपर्यंत पोचलो. तिथे गुलाम हुसेन यांना आठवलं की कारखान्याचा मेन स्विच बंद केला की नाही ते बघायचं राहिलं. कारखान्यात तेव्हा एकही लूम नव्हता. नुसत्या भिंती आणि उंदीर. तरी परत. दुसऱ्यांदा दुगाड फाट्यापर्यंत मजल गेली. समोरून कापडाचे ताके भरलेला टेम्पो आला, त्याची ताडपत्री एका कोपऱ्यात सुटली होती. यांनी गाडी वळवली आणि हॉर्न वाजवत त्या टेम्पोच्या मागे थेट नदीनाक्यापर्यंत गेले. माल दुसऱ्याचा, टेम्पो दुसऱ्याचा, ड्रायव्हरने तर आभारसुद्धा मानले नाहीत. तोवर जेवणाची वेळ झाली म्हणून आम्ही घरी गेलो. मी डबा घरीच बसून खाल्ला. कोलंबीचं खिचडं होतं, पण मला चव लागली नाही.

या जानेवारीत अरशदने आमच्या नावाने हॉटेलच बुक करून टाकलं, तेव्हा कुठे तिसऱ्यांदा निघालो. सकाळी सातला, कारण सातला शिफ्ट सुरू होते.

रस्त्याने जायचं म्हणजे काय, याबद्दल आम्हा दोघांचं एकमत नाही. मला वाटतं, थांबत जायचं. कुठे टपरी दिसली की चहा घ्यायचा, कुठे बाई बोरं घेऊन बसली असेल तर पाव किलो घ्यायची, झाडाखाली गाडी लावून चार ओळी विणायच्या. गुलाम हुसेन यांना वाटतं, माल पोचवायचा. मी म्हटलं, "चहा घेऊ." ते म्हणाले, "परत येताना." मी म्हटलं, "ती बघा, शिंगाडे." ते म्हणाले, "परत येताना." लग्नाला चौतीस वर्षं झाली, यांच्या 'परत येताना'ची मी अजून वाट बघते आहे. आम्ही ज्या रस्त्याने परत येतो त्यावर मात्र यांना नेहमी घरी पोचायची घाई असते.

मग मी तोंड मिटून विणत बसले. पाठ झाली होती, दोन्ही बाह्या झाल्या होत्या. पुढचा उजवा भाग झाला होता, तो साधा, त्यावर बटणं लागणार. आता डावा भाग चालू होता, काजांचा. पाचांपैकी तीन काजं झाली होती. काज करायचं म्हणजे दोन टाके बंद करायचे आणि पुढच्या ओळीत तेवढेच पुन्हा घालायचे. छोटीशी भोकं पडतात, एकाखाली एक, सरळ रेषेत. मोजूनमापून अकरा दिवसांचं काम होतं ते.

अंबाडी नाक्याला मात्र मी हटून बसले. गुडघे धरले होते. मी म्हटलं, "वज्रेश्वरीला वळा. मी गरम पाण्यात पाय सोडणार. नाहीतर मला इथेच उतरवा, मी एसटीने भिवंडीला जाते."

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "दहा म्हणजे दहा. एक वाजता जव्हारला जेवण सांगितलंय."

कुंडाकडे जायच्या वाटेवर एका बाकड्यापाशी एक बाई चहा आणि उकडलेल्या शेंगा विकत होती. नऊवारीवर पुरुषाचा चौकडीचा शर्ट घातलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सगळे तिला आक्का म्हणत होते. मी चहा सांगितला तर गुलाम हुसेन गाडीतून ओरडले, "परत येताना." आक्का त्यांच्याकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "जा तू, पाय शेक. च्या कुठं पलतोय."

मी पाण्यात पाय सोडले. गंधकाचा वास, पायाला चटका, मग हळूहळू पाणी अंगाला मानवत गेलं. शेजारी दोन पोरी एकमेकींवर पाणी उडवत होत्या. गुडघ्याची ठसठस कमी झाली आणि मी दहा मिनिटं विसरले. अर्धा तास बसले असेन. मला कोणी हाक मारली नाही, हॉर्न वाजला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. गुलाम हुसेन अर्धा तास गप्प बसतात म्हणजे त्यांच्या हाताला काहीतरी काम मिळालेलं असतं.

गाडीपाशी आले तर दार उघडं, ते पुढच्या सीटवर चष्मा लावून बसलेले, आणि मांडीवर वांगी लोकरीचा गुंडा. मी निघताना गुंडा लिंबाएवढा होता. आता तो मोसंबीहून मोठा होता. कसा गुंडाळलेला, एक धागा इकडचा तिकडे नाही.

"ये, ये," ते म्हणाले. "तुझ्या मालात मोठा फॉल्ट होता. काढून टाकला."

ते खुशीत होते.

"भोकं पडली होती. एक नाही, तीन, एका लाइनीत. लक्ष कुठे असतं तुझं? वरचं काढलं तर खाली दुसरं, ते काढलं तर तिसरं. सगळ्यात खालच्यापर्यंत गेलो. आता माल क्लीन आहे, पुढे चालव."

लूमवर असंच करतात. कापडात चूक दिसली की लूम बंद करायचा, चूक जिथे असेल तिथपर्यंत एकेक आडवा धागा काढत मागे यायचं आणि मग पुढे चालवायचा. वरून ठिगळ लावायचं नाही. 'जिथे चूक, तिथपर्यंत मागे,' हे वाक्य त्यांनी छत्तीस वर्षं प्रत्येक कारागिराला ऐकवलं. झोपेतसुद्धा म्हणायचे. आज तेच माझ्या अंगावर आलं.

"ती काजं होती," मी म्हटलं.

"काय?"

"काजं. बटणांची." त्यांना ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागलं. कुंडावरची माणसं वळून बघायला लागली.

"काज विणताना कोण करतं?" ते म्हणाले. खरोखर नवल वाटलं होतं त्यांना. "काज नंतर कापतात. आधी कापड होतं, मग शिलाई, मग काज. मी काय आज बघतोय?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझी तर नुकतीच गरम पाण्यातून निघालेली पावलं होती. मी डावा भाग उचलून बघितला. खालची काठपट्टी, तिच्यावर दोन बोटं विणकाम, आणि वर उघडे टाके. सुई काढून त्यांनी नीट पाकिटात घालून ठेवली होती. निम्मे टाके खाली घसरलेले. चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही विणकामाकडे या माणसाने डोळे उघडून बघितलं नव्हतं. एकदा बघितलं ते उसवायला.

"माझ्या वस्तूला हात लावायला कोणी सांगितलं होतं?"

"अगो, मदतच केली ना. बसून काय करू? तू दहा मिनिटं बोललीस."

"मी नाही, तुम्ही बोललात."

"बरं, चल आता. जव्हारला जाऊन विण. तिथे कोणी त्रास देणार नाही."

मी वाकून गाडीची चावी काढली, पर्समध्ये टाकली, पिशवी उचलली आणि आक्काच्या बाकड्यावर जाऊन बसले. ते मागून आले. त्यांना वाटलं, मी चहासाठी थांबते आहे.

"हे टाके जागेवर आल्याशिवाय गाडी हलणार नाही," मी म्हटलं. "तुम्हाला घाई असेल तर चालत व्हा पुढे."

"एक वाजताचं जेवण..."

"परत येताना जेवा."

आक्काने मान खाली घालून दोन चहा गाळले.

सुटलेले टाके उचलणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. एकेक फासा सुईवर घ्यायचा, घसरलेला असेल तर क्रोशाच्या सुईने पायरी पायरीने वर आणायचा, श्वास रोखून. एक सोडला की शेजारचा सुटतो. मी रागाने ओढत होते, म्हणून आणखीच सुटत होते. गुलाम हुसेन आधी उभे राहिले. मग बसले. मग उठून गाडीच्या चारही टायरांना लाथा मारून आले. मग शेंगा घेतल्या, सोलल्या, माझ्यापुढे मूठ धरली. मी बघितलंच नाही. त्यांनी त्या स्वतः खाल्ल्या. काही वेळाने दिसेनासे झाले आणि आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, ओल्या पायांनी.

"पाणी चांगलं आहे," ते म्हणाले.

मी पुढचा फासा सुईवर घेतला.

"भोक पाडायचंच होतं तर मला सांगून ठेवायचं."

अकरा दिवस मी यांच्या शेजारी बसून विणत होते. संध्याकाळच्या बातम्या चालू, हे टीव्हीकडे बघत, मी सुयांकडे. स्वेटर कुणाचा, कशाला, एका शब्दाने विचारलं नव्हतं. यांना आपलाच वाटला असेल, आठवा.

दोन तासांनी सगळे टाके सुईवर आले. मी दोन ओळी विणल्या. आता पहिलं काज पुन्हा करायचं होतं. जागा नीट बघावी म्हणून मी तो तुकडा छातीशी धरला आणि अंगठ्याने खूण केली.

आक्का कढईत शेंगा ढवळत बघत होती. "कोनाला इनतेस? मालकांना?"

"नाही. मलाच."

"मंग काज या अंगाला कशी?"

"म्हणजे?"

"ही बाप्यांची बाजू हाय." तिने शेंगांचा हात पदराला पुसला आणि स्वतःच्या शर्टाची पट्टी मला दाखवली. "ह्यो आमच्या मालकांचा शर्ट. बाप्यांची काज डाव्या अंगाला, आपली उजव्या. तीस वरसं ह्यांचाच शर्ट घालते मी कामाला, तरी बटन लावताना हात उलटा पडतो. म्हनून ठाव हाय."

मी तिच्या शर्टाकडे बघितलं. मग छातीशी धरलेल्या तुकड्याकडे. डावी बाजू. डाव्या बाजूला काजं.

मला माहीत नव्हतं असं नाही. कोणाही विणणाऱ्या बाईला माहीत असतं. पुरुषांच्या स्वेटरला काज डावीकडे, बायकांच्या उजवीकडे. हे मी स्टाफरूममध्ये नव्या बाईंना शिकवलेलं आहे. पण हातांनी मला विचारलंच नव्हतं. लोकर माझी, माप माझं, रंग माझा, आणि हात मात्र नेहमीसारखे गुलाम हुसेन यांचं विणत बसले होते. सात यांचे, चार सासऱ्यांचे, दोन अरशदचे, बाकी दीर, भाचे, हेडमास्तर. एकदाही काज उजवीकडे करायची वेळ आली नव्हती. उद्या जव्हारला तो स्वेटर घालून मी थंडीत उभी राहिले असते आणि माझा हात पहिल्याच बटणाला उलटा पडला असता.

राग गेला नाही. पण आता तो एकट्या गुलाम हुसेन यांच्यावर ठेवता येईना, आणि याचाच मला जास्त राग आला. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांची चूक इतकी स्पष्ट, चार माणसांपुढे, हातात धरून दाखवता येण्यासारखी होती. तीही धड माझ्या वाट्याला राहिली नाही. त्यांनी उसवलं नसतं तर मी पाचही काजं करून मोकळी झाले असते.

मी हे त्यांना सांगितलं नाही. आक्काने माझ्याकडे एकदा बघितलं. दुसरा चहा तिने न विचारता पुढे ठेवला.

मग मी पिशवीतून उजवा भाग काढला. काजं आता याच्यावर हवी होती. पुरा झालेला, खांद्यापर्यंत, एक टाका इकडचा तिकडे नाही. खांद्याची गाठ शोधली, दाताने तोडली आणि धागा ओढायला सुरुवात केली. ओळी सरसर सुटू लागल्या.

गुलाम हुसेन बाकड्यावरून उठलेच. "अगो, काय करतेस? तो पीस ओके होता. मी चेक केला."

"नव्हता."

"कुठे फॉल्ट होता? दाखव मला. मी दोन्ही बाजूंनी बघितला, उजेडात धरून बघितला."

"तुम्हाला नाही दिसणार."

हे त्यांना लागलं. कापडातला दोष आपल्याला दिसणार नाही असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ते माझ्या शेजारी बसले, सुटत चाललेल्या तुकड्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या आवाजाच्या मानाने अगदी हळू, म्हणजे फक्त आक्काला आणि पलीकडच्या दुकानाला ऐकू जाईल एवढं, म्हणाले, "मालात दिसत नाही, मग फॉल्ट आहे कुठे?"

"माझ्या हातात."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. कदाचित सांध्यांची सूज शोधत असतील.

"जुना आहे?"

"चौतीस वर्षांचा."

हा आकडा त्यांना कळला की नाही, मला ठाऊक नाही. सुटलेली लोकर माझ्या पायाशी ढिगाने पडत होती, धुळीत लोळत होती. त्यांनी ती उचलली, फुंकर मारली, टोक शोधलं आणि अंगठ्याभोवती पहिला वेढा घेतला.

"मग खांद्यावर थांबू नको," ते म्हणाले. "जिथे चूक, तिथपर्यंत मागे ये."

मी ओढत राहिले, ते गुंडाळत राहिले. उन्हं डोक्यावर आली, एक वाजून गेला, आणि जव्हारच्या जेवणाचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही.